नलरबॉर, तडकलेली रिम आणि पुठ्ठ्याचं खोकं

ऑस्ट्रेलियात सायकलवरून उतरून बस, रेल्वे किंवा विमान धरायचं ठरलं की सगळं गाडं येऊन अडतं ते खोक्यापाशी. तिकीट फोनवर पाच मिनिटांत निघतं. सायकल मावेल असं खोकं हजार किलोमीटरमध्ये मिळत नाही. आम्ही दोघांनी सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ मध्ये नलरबॉरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या जवळजवळ झाडं नसलेल्या सपाट प्रदेशातून, पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास केला आणि वाटेत चार वेळा बेत बदलला. त्यातला एक बदल ठरवून केलेला, एक गळ्यात पडलेला, उरलेले दोन त्यातून निघालेले. कुणाला हाच रस्ता करायचा असेल तर चाचपडावं लागू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. रकमा ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आणि ढोबळ आहेत. तेव्हा एक डॉलर साधारण ५४ रुपयांना पडत होता.

मूळ बेत पर्थ ते सिडनी, सगळं सायकलवर. जाताना मुंबई-पर्थ, येताना सिडनी-मुंबई असं एकत्र तिकीट, परतीची तारीख १६ ऑक्टोबर. व्हिसा ६०० क्रमांकाचा पर्यटक व्हिसा. तो कुठल्या शहराला बांधलेला नसतो, त्यामुळे पुढे परतीचं शहर बदललं तेव्हा व्हिसाला हात लावावा लागला नाही.

४ सप्टेंबरला पर्थला उतरलो. विमानात भरायच्या कार्डावर मातीशी संबंध आलेल्या सामानाचा प्रश्न असतो, तिथे ‘हो’ लिहावं. सायकल, बूट, तंबूच्या खुंट्या, सगळं त्यात येतं. टायरच्या खाचा, मडगार्डची आतली बाजू आणि खुंट्यांची टोकं आम्ही घरूनच जुन्या टूथब्रशने घासून नेली होती. तपासणीला दहा मिनिटं लागली. माती सापडली तर धुण्याचा खर्च आणि वेळ दोन्ही आपलेच.

पहिला बदल पर्थमध्येच केला. पर्थ ते कॅलगूर्ली रस्त्याने सुमारे ६०० किलोमीटर. ग्रेट ईस्टर्न हायवेवर खाणींची जड वाहतूक असते आणि बऱ्याच भागात कडेची पट्टी अरुंद. रस्त्याशेजारून १९०३ मध्ये सुरू झालेली गोल्डफील्ड्सची पाण्याची पाइपलाइन जाते, ती पाहायची फार इच्छा होती. पण आमच्याकडे एकूण सहा आठवडे, आणि या पट्ट्यात गावं ठरावीक अंतराने असल्यामुळे तो पुन्हा कधीही करता येण्यासारखा. म्हणून पूर्व पर्थच्या स्थानकावरून ‘प्रॉस्पेक्टर’ रेल्वेने कॅलगूर्लीला गेलो. साधारण पावणेसात तास लागतात. सायकलची जागा मोजकी असते, ती तिकीट काढतानाच मागून घ्यावी. ऐनवेळी फलाटावर विनवण्या करण्यात अर्थ नाही.

कॅलगूर्लीत दुरुस्तीचं दुकान गाठून दोन्ही चाकं तपासून घ्यायला हवी होती. पुढे सेडूनापर्यंत, म्हणजे जवळजवळ १४०० किलोमीटर, सायकलचं नीट दुकान नाही. आम्ही फक्त साखळी आणि ब्रेक पाहिले. चाक हाताने फिरवलं, आऊट, म्हणजे चाकाची डुगडुग, दिसला नाही, पुढे निघालो. ही चूक दोन आठवड्यांनी वसूल झाली.

कॅलगूर्ली ते नॉर्समन १९० किलोमीटरच्या आसपास, दोन दिवस. नॉर्समन हा खरा उंबरठा. इथे सुपरमार्केट आहे, पोस्ट आहे, आणि इथूनच एअर (Eyre) हायवे सुरू होतो. नकाशावर पुढची नावं गावांसारखी दिसतात, पण बॅलाडोनिया, कायगूना, कॉकलबिडी, मडूरा, मंड्राबिला ही प्रत्यक्षात एकेक रोडहाउस आहेत: पेट्रोलपंप, खोल्या, तंबूची जागा, तळलेलं खाणं. नॉर्समन-बॅलाडोनिया १९१ किलोमीटर, बॅलाडोनिया-कायगूना १८२. या दुसऱ्या टप्प्यातच १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता येतो.

नॉर्समनला बसून प्रत्येक सायकलस्वाराने एक गोष्ट कागदावर लिहावी: इथून सेडूनापर्यंतच्या १२०० किलोमीटरमध्ये वेळापत्रकाची एकही बस नाही. इंडियन पॅसिफिक ही पर्थ-सिडनी रेल्वे महामार्गापासून पुष्कळ उत्तरेला धावते, ती पर्यटकांची महागडी गाडी आहे, हात दाखवून थांबणारी नव्हे. म्हणजे मध्ये काही बिघडलं तर उपाय एकच, कुणाच्या तरी गाडीतून लिफ्ट.

पाणी माणशी १२ लिटर घेतलं होतं. रोडहाउसला पाणी खाऱ्याचं गोडं केलेलं किंवा टँकरने आणलेलं असतं, बाटल्या विकत घ्याव्या लागतात. विश्रांतीच्या थांब्यांवर पावसाच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, पण त्या भरलेल्या असतीलच असं धरून निघू नये. आता हिशोब पाहा. १२ किलो पाणी, ५ किलो खाणं, बाकीचं सामान धरून मागच्या चाकावर नुसतं सामानच २६ किलोच्या घरात, वर स्वार. पुढच्या कॅरिअरवर जेमतेम ८ किलो. ही वाटणी साफ चुकलेली होती.

वाऱ्याबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो, पश्चिमेकडून पूर्वेला जा, वारा पाठीशी असतो. तो अर्धाच खरा आहे. दक्षिण गोलार्धात जास्त दाबाच्या क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या उलट फिरतो. हे क्षेत्र रस्त्याच्या उत्तरेला असेल तर पश्चिमेचा वारा मिळतो. ते दक्षिणेला, ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटच्या समुद्रावर येऊन बसलं की वारा पूर्वेकडून, थेट तोंडावर. हिवाळ्यात हा पट्टा उत्तरेकडे असतो, उन्हाळ्याकडे तो दक्षिणेला सरकतो. सप्टेंबर म्हणजे सरकण्याचा काळ. आम्हाला १२ ते १६ सप्टेंबर सलग पाच दिवस समोरचा वारा मिळाला. ताशी ९-१० किलोमीटर वेगाने दिवसाला ६५-७० किलोमीटर व्हायचे. पहाटे साडेचारला निघून अकरापर्यंत चालवणं आणि दुपारी झुडपाआड पडून राहणं, एवढाच मार्ग होता. राज्याच्या सीमेजवळच्या यूक्लाला दहाव्या दिवशी पोहोचायचं होतं, पोहोचलो पंधराव्या दिवशी, २० सप्टेंबरला.

रोड ट्रेनविषयी, म्हणजे एकापेक्षा जास्त ट्रेलर ओढणाऱ्या लांबलचक ट्रकविषयी, थोडक्यात. हँडलला आरसा लावाच. समोरून एक आणि मागून एक अशा दोन एकाच वेळी येताना दिसल्या की रस्ता सोडून खडीवर उतरायचं, हट्ट करायचा नाही.

आता रिम, म्हणजे स्पोक जिला जोडलेले असतात ती चाकाची धातूची कडी. मंड्राबिला सोडल्यावर मागच्या चाकातून दर फेरीला एक बारीक ‘टक्’ ऐकू यायला लागलं. आधी कॅरिअरचा बोल्ट वाटला, मग पेडल. यूक्लाला सामान उतरवून सायकल उलटी केली आणि रिम ओल्या फडक्याने पुसली. साखळीच्या बाजूच्या एका स्पोकच्या निपलपाशी (स्पोक रिमला धरून ठेवणारा बारीक नट) केसाएवढी रेघ, जेमतेम ८ मिलिमीटर, आणि तिच्या कडेला राखाडी भुकटी. नखाला ती रेघ लागत होती. शेजारच्या आणखी दोन भोकांपाशी तशाच रेघांची सुरुवात. ॲल्युमिनियमची रिम अशीच जाते. मागच्या चाकात साखळीच्या बाजूचे स्पोक सगळ्यात जास्त ताणलेले असतात, वरून सामानाचा भार आणि प्रत्येक फेरीला ताण कमी-जास्त होत राहतो. धातू थकतो आणि भोकाच्या कडेपासून चिरतो. याला वेल्डिंग नाही, चिकटपट्टी नाही.

अशा वेळी हात आपोआप आऊट काढायला म्हणून स्पोक आवळायला जातो. तो आवरावा. आवळलं की चीर वाढते. चिरेवरचा निपल अर्धा आटा सैल करायचा, दोन्ही बाजूंचे शेजारचे पाव आटा सैल करायचे, रिम-ब्रेक असेल तर तो उघडा ठेवायचा, आणि मागचं वजन पुढे किंवा सोबत्याच्या सायकलवर टाकायचं. एवढं केल्यावर २०-३० किलोमीटर सावकाश जाता येतं. यूक्लाहून सीमेवरचं बॉर्डर व्हिलेज १२ किलोमीटर, पण त्याच्या पुढे नलरबॉर रोडहाउसपर्यंत १८०हून जास्त किलोमीटर काहीच नाही. मध्येच रिम फाटली तर रात्र रस्त्याच्या कडेला. यूक्लाला मोबाइलला रेंज आहे, खोल्या आहेत, गाड्या थांबतात. निर्णय तिथेच घ्यायचा होता आणि तो घेताना वाईट वाटलं, कारण बाइटच्या कड्यांचा सगळ्यात देखणा भाग पुढेच होता आणि वाराही नेमका त्याच संध्याकाळी पश्चिमेचा झाला होता.

२१ तारखेला सकाळी सातपासून पंपावर उभे राहिलो. लिफ्ट मागण्याचंही एक तंत्र आहे. ट्रकवाले बहुतेक नाही म्हणतात. कंपनीच्या विम्यात बाहेरचा माणूस बसत नाही, त्यांना भरीला घालू नये. कॅरॅव्हॅन ओढणारी निवृत्त जोडपी गप्पा मारतात, चहा देतात, पण त्यांच्याकडे दोन सायकलींना जागा नसते. शोधायची ती मागे मोकळा हौदा असलेली यूट. माणूस पेट्रोल भरून, पैसे देऊन बाहेर येईपर्यंत थांबावं आणि मग एका दमात सांगावं: कुठे जायचं, किती सामान, काय बिघडलं, इंधनाचे पैसे देऊ. आम्ही पुठ्ठ्यावर ‘सेडूना, २ माणसं, २ सायकली, रिम तुटली’ असं लिहून सायकलला लावलं होतं. पावणेपाच तासांनी गाडी मिळाली.

हौद्यात सायकल आडवी ठेवताना साखळीची बाजू वर, खाली झोपायची चटई, आणि पट्टा फ्रेमवरून. चाकावरून घातला तर स्पोक वाकतात. पेडल काढून ठेवली. यूक्ला ते सेडूना सुमारे ४९० किलोमीटर. शंभर किलोमीटरला १४ लिटर धरले तर ६९ लिटर डिझेल, त्या पट्ट्यातल्या दराने १६५ डॉलरच्या आसपास. आम्ही निम्मे, ८० डॉलर दिले. गाडीवाल्यांनी आधी नको म्हटलं, मग घेतले.

इथे घड्याळाची गंमत लक्षात ठेवा. पश्चिम ऑस्ट्रेलियाची वेळ ग्रिनिचच्या ८ तास पुढे, दक्षिण ऑस्ट्रेलियाची साडेनऊ, आणि कायगूनाच्या पूर्वेपासून सीमेपर्यंत लोक पावणेनऊ तासांची आपली वेगळी वेळ पाळतात. फोन कधी इकडची दाखवतो, कधी तिकडची. रोडहाउसचं स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे विचारावं.

सेडूनाच्या आधी फळमाशीसाठीची तपासणी चौकी आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीतली ताजी फळं-भाज्या काढून घेतात. आमचे तीन कांदे आणि चार सफरचंदं गेली. सायकलवर असतो तर आदल्या दिवशी संपवली असती.

सेडूनाहून पुढे जायचे तीन रस्ते पाहिले. लहान प्रोपेलर विमान ॲडलेडला जातं, पण ३४ आसनी विमानाच्या पोटात सायकल त्याच दिवशी जाईल याची हमी मिळेना. दुसरा रस्ता, आपण बसने जायचं आणि सायकली मालवाहतुकीने पाठवायच्या. इथे घनफळाचं वजन कळलं. रस्त्यावरच्या मालवाहतुकीत एका घनमीटरला २५० किलो धरतात. सायकलचं खोकं १४० × ८० × २२ सेंटिमीटर, म्हणजे ०.२४६ घनमीटर, म्हणजे साडेएकसष्ट किलो. सायकल भरते १७ किलो, पैसे द्यायचे ६१ किलोंचे. पोस्टाने तर जातच नाही. तिथे पार्सलची कमाल लांबी १०५ सेंटिमीटर आणि वजन २२ किलो. मात्र पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या), तंबू, कपडे पोस्टाने आरामात जातात.

तिसरा रस्ता रात्रीची बस. ॲडलेड सुमारे ७८० किलोमीटर, अकरा-बारा तास. रोज सुटत नाही. आम्हाला २४ तारखेची मिळाली, माणशी १४० डॉलरच्या आत-बाहेर, सायकलचे वेगळे. फोनवर सांगितलं गेलं की सायकल खोक्यात हवी आणि जागा असेल तरच घेऊ. म्हणून आरक्षण केल्यावर लगेच विचारावं की त्या दिवशी आणखी सायकली आहेत का, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव, वेळ लिहून ठेवावी.

खोकं मिळवायला एक अख्खा दिवस गेला. सेडूनातही सायकलचं नीट दुकान नाही, म्हणून घरगुती उपकरणांच्या दुकानात गेलो. मोठ्या टीव्हीचं खोकं यासाठी नामी असतं: उंच, रुंद आणि चपटं. एक मिळालं. दुसरं दोन लहान खोकी एकात एक सरकवून केलं, मध्ये वीस सेंटिमीटरचा जोड, त्यावर चिकटपट्टीचे तीन वेढे. चिकटपट्टीचे चार रोल लागले, १८ डॉलर.

बांधण्याचा क्रम असा जमला. आधी पेडल, डाव्या पेडलचे आटे उलटे, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. मग सीटपोस्ट पूर्ण खाली, पुढचं चाक बाहेर, फोर्कच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा, नाहीतर वरून वजन पडलं की फोर्क आत दबतो. हँडल सोडवून वरच्या नळीला समांतर बांधायचं. मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्याला लटकतो त्या फ्रेमच्या पट्टीवरून, सोडवून फोमात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधायचा. सगळ्यात आधी मार खाणारा भाग तोच. हायड्रॉलिक डिस्क असेल तर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी, कारण चाक नसताना लीव्हर चुकून दाबला गेला की पॅड मिटतात. सुटे बोल्ट जिथून काढले तिथेच परत अडकवायचे. पहिल्या सायकलला सव्वादोन तास लागले, दुसरीला एक तास. स्टोव्हचं गॅसचं डबडं तंबूच्या मैदानातल्या शेजाऱ्यांना देऊन टाकलं, ते बसमध्ये चालत नाही.

२५ ला सकाळी ॲडलेडला उतरलो. पहिल्या दुकानात तयार चाकं होती, पण ३२ स्पोकची आणि थ्रू-ॲक्सलची (आरपार जाड आसाची), आमच्या सायकलला न बसणारी. दुसऱ्या दुकानात फोनवरच्या टिपणामुळे काम झालं: ६२२ ची रिम, ३६ भोकं, १३५ मिलिमीटर हब (चाकाचा मधला भाग), क्विक रिलीज, सहा बोल्टांची डिस्क, नऊ गिअर. हे टिपण घरून निघतानाच करून ठेवा, फोनवर दुकानदार नेमकं हेच विचारतो. हब चांगला होता, तोच ठेवून नवी जाड रिम आणि ३६ नवे स्पोक. जुने स्पोक वापरता आले नाहीत, नव्या रिमचा आतला व्यास चार मिलिमीटरने वेगळा निघाला. मजुरीसह २८५ डॉलर. चाक २८ ला संध्याकाळी मिळालं.

त्या तीन दिवसांत कॅलेंडर घेऊन बसलो. १६ ऑक्टोबरला १८ दिवस उरले होते. ॲडलेड ते सिडनी आतल्या रस्त्याने होण्यासारखं होतं, पण रोज नव्वदच्या वर आणि एकही सुट्टी नाही. नवं चाक पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर एकदा ताणून घ्यावं लागतं, त्याला वेळ ठेवायलाच हवा होता. म्हणून शेवट मेलबर्नला करायचं ठरलं.

विमानाचं तिकीट बदलणं हे या प्रवासातलं सगळ्यात कंटाळवाणं काम. तारीख तीच ठेवून फक्त शहर बदललं तरी ते तिकीट नव्याने काढणंच असतं: बदलाचं शुल्क अधिक भाड्यातला फरक. विमान कंपनी म्हणाली, तिकीट एजंटकडून काढलंय, त्यांच्याशी बोला. एजंटचं कार्यालय भारतीय वेळेने दहाला उघडतं, म्हणजे ॲडलेडला दुपारचे दोन. तीन दिवस, अकरा फोन, माणशी १४,००० रुपये. यातून शिकलेलं: असा प्रवास असेल तर तिकीट थेट कंपनीकडून घ्यावं. आणि नवं तिकीट आल्यावर त्यावर सामानाची मर्यादा पुन्हा वाचावी. आमच्या पहिल्या दुरुस्त तिकिटावर ३० ऐवजी २५ किलो आलं होतं.

२९ सप्टेंबरला निघालो ते नेमकं लांबलचक सुट्टीच्या तोंडावर. २ ऑक्टोबरला दक्षिण ऑस्ट्रेलियात कामगार दिनाची सुट्टी होती, शाळांनाही सुट्ट्या लागलेल्या. कॅरॅव्हॅन पार्क आधी फोन करून ठरवावे लागले, तंबूच्या जागेला ३५ ते ४५ डॉलर. वेलिंग्टनला मरे नदीवरची सरकारी फेरीबोट दिवसरात्र आणि फुकट आहे. पुढे मेनिंगी, कूराँगचा खाजणाचा पट्टा, किंग्स्टन, माउंट गॅम्बिअर, पोर्टलंड. रस्ता सोपा, पाण्याची ददात नाही. ९ ऑक्टोबरला वॉर्नम्बूल.

तिथून ग्रेट ओशन रोड सुरू करण्याएवढे दिवस होते, पण बांधाबांधीला दोन दिवस हवेत आणि शेवटी धावपळ नको म्हणून रेल्वे घेतली. व्हिक्टोरियाच्या या गाड्यांत सायकल खोक्याविना जाते. आरक्षण नसतं, जागा असेल तर घेतात. धोका वेगळाच आहे: रुळांचं काम निघालं की त्या दिवशी गाडीऐवजी बस सोडतात, आणि बसमध्ये सायकल घेत नाहीत. आदल्या रात्री संकेतस्थळावर पाहून घ्यावं. आम्ही ११ ची सकाळची गाडी धरली, साडेतीन तासांत मेलबर्न.

मेलबर्नला तिसऱ्या दुकानात दोन खोकी फुकट मिळाली. सोमवारी-मंगळवारी माल सुटतो तेव्हा विचारलं तर नाही म्हणत नाहीत, बुधवारपर्यंत ती फाडून टाकलेली असतात. विमानतळावर एक खोकं २४.६ किलो भरलं, दुसरं २९.४. मोठ्या सामानाचा पट्टा वेगळा, नेहमीच्या काउंटरवर वजन झाल्यावर स्वतः ढकलत न्यावं लागतं, तेव्हा अर्धा तास आधी जावं. मुंबईला खोकी पट्ट्यावर आली नाहीत, बाजूच्या दाराशी उभी करून ठेवली होती. एकाचा कोपरा फाटलेला. पुण्यात उघडल्यावर कळलं, डिरेलर फोमात गुंडाळला होता, पण रिकामा हँगर मात्र उघडाच राहिला होता. तो वाकला होता. सरळ करायला दीडशे रुपये लागले.